पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती



दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत आनंद असतो आणि काही घरांत त्याच दिवशी काळजीही सुरू होते. मुलगा पास झाला, आता पुढची फी कुठून भरायची? अशा वेळी शिष्यवृत्ती हा शब्द कानावर येतो. एका शिष्यवृत्तीने काय होऊ शकते आणि तिने काय होऊ शकत नाही, या दोन्ही गोष्टी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या जीवनात स्पष्ट दिसतात. त्यांचे राजकारण आणि घटना समितीतील कार्य आपणा सर्वांना ठाऊक आहे. आज आपण त्यांच्याकडे एक गरीब विद्यार्थी म्हणून पाहू या.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला इतर मुलांपासून दूर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायाने वरून पाणी ओतले तर प्यायचे, शिपाई नसला तर तहानलेलेच राहायचे.

पुढे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले. एकच खोली, त्यातच स्वयंपाक, झोप आणि अभ्यास. मुलाने संध्याकाळी लवकर झोपावे म्हणून वडील स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासासाठी उठवून आपण आडवे होत. पुस्तकासाठी पैसे नसले की सुभेदार आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन उसने मागत, प्रसंगी त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवत. शिष्यवृत्ती मिळण्यापूर्वी प्रत्येक गरीब विद्यार्थ्याला अशी एक शिष्यवृत्ती घरातूनच मिळालेली असते. तिची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण होते ७५० पैकी २८२. म्हणजे सुमारे ३८ टक्के. आज एवढ्या गुणांवर कोणते कॉलेज त्यांना दारात उभे करील? पण त्यांच्या समाजातील मुलाने ही परीक्षा पास होणे हीच त्या काळी मोठी गोष्ट होती, म्हणून त्यांचा सत्कार झाला. त्या सत्काराला कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि लेखक हजर होते. भीमराव बागेत वाचत बसत तेव्हापासून ते त्यांना ओळखत होते. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाला भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च सुभेदारांना झेपेना, तेव्हा केळुसकर गुरुजी भीमरावांना घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. महाराजांनी त्यांना काही प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. एल्फिन्स्टन कॉलेजमधील प्राध्यापक म्युलर यांनीही पुस्तके आणि कपडे देऊन मदत केली.

एक गोष्ट लक्षात घ्या. केळुसकरांकडे देण्यासाठी पैसा नव्हता. त्यांनी फक्त एका मुलाकडे लक्ष दिले, त्याच्यासाठी स्वतःचा वेळ दिला आणि त्याला योग्य दारापर्यंत नेले. ते नसते तर महाराजांची उदारता आणि मुलाची बुद्धी या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी राहिल्या असत्या, त्यांची भेटच झाली नसती.

भीमराव बी.ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी परदेशी शिक्षणासाठी बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली: तीन वर्षे, दरमहा साडेअकरा पौंड. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करार केला. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, अशी अट होती. जुलैमध्ये ते न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

तिथे शेजारी बसायला कोणी नकार देत नव्हते. हा अनुभवच त्यांना नवा होता. प्राध्यापक सेलिग्मन यांच्याकडे ते अर्थशास्त्र शिकले. जॉन ड्युई या तत्त्वज्ञाची शिकवण त्यांच्या मनावर कायमची उमटली. लोकशाही ही केवळ राज्य चालवण्याची पद्धत नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्युईंचा विचार त्यांच्या पुढील लिखाणात वारंवार दिसतो. दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास चाले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले आणि १९१६ मध्ये लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि तिथला अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. त्यांचे सामान ज्या जहाजावर होते ते महायुद्धात बुडवले गेले. त्याची जी नुकसानभरपाई मिळाली तिच्यातून बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला.

आता गोष्ट बडोद्याची. करार पाळण्यासाठी ते तिथे गेले. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला हा अधिकारी शहरात राहायला जागा शोधू लागला तेव्हा त्याला कोणी जागा देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून ते राहिले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव धर्मशाळेत आला आणि संध्याकाळपर्यंत निघून जाण्यास त्यांना बजावले.

त्यांनी दोन मित्रांना आसरा मागितला. एक हिंदू होता, दुसरा भारतीय ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले की, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने सांगितले की, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून कळवतो. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण होते. पतीचे विचार धर्मांतरानंतर उदार झाले होते, पत्नीचे झाले नव्हते. बाबासाहेब काय समजायचे ते समजले. गाडीला काही तास होते. ते तास त्यांनी एका बागेत काढले, तिथे त्यांना रडू आवरले नाही आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले.

बंधुभगिनींनो, हा प्रसंग वाचताना आपण त्या ख्रिस्ती घरापाशी थोडे थांबायला हवे. त्या घरात कोणी अपशब्द बोलले नाही, कोणी काठी उगारली नाही. उत्तर सभ्यपणे दिले गेले. पण दार बंदच राहिले. बाप्तिस्मा झाला म्हणजे मनातली जात गेली असे होत नाही, हे आपल्या समाजालाही आतून ठाऊक आहे. महाराजांची शिष्यवृत्ती बाबासाहेबांना न्यू यॉर्कपर्यंत पोहोचवू शकली, बडोद्यात मात्र एक खोली मिळवून देऊ शकली नाही. खोली देणे शेजाऱ्यांच्या हातात होते.

बाबासाहेबांनी जिद्द सोडली नाही. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पगारातून पैसे साठवले. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. ज्या समाजातील लोकांनी त्यांना धर्मशाळेतून काढले, त्याच समाजातील हा मित्र, हेही विसरता कामा नये. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. दिवसभर ग्रंथालयात बसायचे, रात्री भूक लागली की कपभर दुधाबरोबर पापड खायचे आणि पुन्हा वाचायचे. त्या वर्षांत इकडे मुंबईत रमाबाईंनी फार हाल काढले. त्यांच्या पाच मुलांपैकी फक्त यशवंत जगला. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाने बाबासाहेबांना डी.एस्‌सी. ही पदवी दिली. तोपर्यंत ते बॅरिस्टरही झाले होते.

एवढे शिकलेला माणूस आपल्या पुरते सुखाने जगू शकला असता. पण एखादा केळुसकर भेटला आणि एखादा महाराज प्रसन्न झाला तरच गरीब मुलाने शिकावे, ही व्यवस्था त्यांना मान्य नव्हती. दया चांगली, पण ती देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. म्हणून १९२५ मध्ये त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि त्याच वर्षी त्यांनी सरकारला सविस्तर निवेदन दिले. अनुसूचित जातींच्या मुलांना देशातील आणि परदेशातील विद्यापीठांत शिकण्यासाठी सरकारी तिजोरीतून दरवर्षी निधी मिळावा, ही त्यातील एक मुख्य मागणी होती. १९४४ मध्ये मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे लाखो मुले तिच्या आधाराने कॉलेजात गेली.

१९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. नोकरी करून शिकणाऱ्यांना सोयीचे व्हावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. त्याचे दार सर्व जातिधर्मांच्या मुलांना उघडे होते. १९५० मध्ये औरंगाबादला दुसरे कॉलेज सुरू झाले. ज्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, तिच्या ४६ व्या कलमाने दुर्बल घटकांच्या शिक्षणाची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. केळुसकर गुरुजींनी दिलेल्या पुस्तकातला बुद्ध जवळजवळ पन्नास वर्षे त्यांच्या सोबत होता.

आपल्यातले फार थोडे लोक शिष्यवृत्ती देण्याइतके श्रीमंत आहेत. पण केळुसकरांसारखे होणे कोणालाही शक्य आहे. शेजारचा एखादा मुलगा जिन्यात बसून अभ्यास करत असेल तर त्याचे नाव विचारा. त्याला कोणत्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येईल ते शोधा, दाखले काढायला सोबत जा, शेवटची तारीख चुकू देऊ नका. गुण कमी दिसले तर ते किती अडचणींतून आले आहेत हेही पाहा. २८२ हा आकडा ध्यानात ठेवा.

आणि याच दिवसांत बाहेरगावची मुले आपल्याकडे भाड्याने खोली विचारायला येतात. नाव ऐकल्यावर आपण पुढचा प्रश्न कोणता विचारतो? आडनाव विचारतो, गाव विचारतो, की घरात विचारून कळवतो असे सांगतो? बडोद्यातल्या त्या घराला मिळालेली संधी आपल्या दारातही येते. ती आली की आपण काय उत्तर देणार, हे आजच ठरवून ठेवू या.

आपला,
धर्मगुरू