जँगोची गिटार

जिप्सी जॅझचे जनक मानले जाणारे गिटारवादक जँगो राइनहार्ट यांचा जन्म १९१० साली बेल्जियममध्ये, भटक्या मानूश कुटुंबात झाला. १९२८ साली राहत्या गाडीला आग लागून त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे कायमची निकामी झाली. उरलेल्या बोटांनिशी स्वतःची वादनशैली घडवून त्यांनी पॅरिसच्या रसिकांना वेड लावले. १९५३ साली, अवघ्या ४३व्या वर्षी ते निवर्तले.

मृताच्या वस्तू जाळून टाकण्याची मानूशांची रीत; पण जँगो यांची ५०३ क्रमांकाची सेल्मर गिटार उरली. त्यांच्या पत्नीने १९६४ साली ती पॅरिसच्या संगीत विद्यालयाच्या संग्रहालयाला दिली. आयुष्यभर एका जागी न रमलेल्या या कलावंताची गिटार आज त्याच शहरातील संगीत संग्रहालयात स्थिरावली आहे.