रस्ते मोजणाऱ्या लेझरच्या गाड्या आणि हिंगणघाटला विसावलेला विल्यम लॅम्बटन

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं गिरड म्हटलं की विदर्भातल्या लोकांना टेकडीवरचा शेख फरीद बाबांचा दर्गा आठवतो. तिथे सुपारी-जायफळासारखे दिसणारे छोटे गोल दगड मिळतात. थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे बाबांनी दगड केले, अशी दंतकथा आहे. भूगर्भशास्त्रात त्यांना झिओलाइट म्हणतात.

पण टेकडीवर उभं राहिलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. खाली कापूस-सोयाबीनची शेतं लांबवर पसरलेली दिसतात. जमीन मोजणाऱ्या माणसाला अशी उंच जागा म्हणजे लॉटरीच. दोनशे वर्षांपूर्वी अशाच टेकड्या आणि देवळांची शिखरं शोधत एक इंग्रज माणूस कन्याकुमारीपासून वर वर सरकत होता. गिरडपासून फार लांब नसलेल्या हिंगणघाटला तो पोहोचला, आणि तिथेच त्याचा शेवट झाला. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन.

आज त्याची आठवण काढायचं कारण रस्त्यावर आहे.

छतावर यंत्र लावलेली गाडी

हिंगणघाटवरून जाणारा नागपूर-हैदराबाद रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे. असे महामार्ग मोजायला आता लेझर यंत्रं लावलेल्या गाड्या वापरतात. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची 'नेटवर्क सर्व्हे व्हेईकल' नावाची वाहनं लेझर आणि कॅमेऱ्यांच्या मदतीने खड्डे, भेगा आणि रस्त्याचा खडबडीतपणा टिपतात. त्याहून पुढचा प्रकार म्हणजे मोबाइल लायडार. गाडीच्या छतावरचं यंत्र सेकंदाला लाखो लेझर किरण सोडतं. किरण विजेच्या खांबावर, पुलाच्या कठड्यावर, झाडाच्या फांदीवर आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं. हा वेळ फारच छोटा असतो. सेकंदाच्या एक अब्जाव्या भागात प्रकाश साधारण ३० सेंटीमीटर जातो, यावरून अंदाज यावा.

अशा कोट्यवधी बिंदूंपासून रस्त्याचं त्रिमितीय चित्र तयार होतं. पूल किती उंच, तारा किती खाली आल्यात, गटार कुठे संपतं, हे सगळं ऑफिसात बसून मोजता येतं.

यात एक मेख आहे. हे चित्र पृथ्वीवर नेमकं कुठे ठेवायचं? गाडीत जीपीएस असतं, गाडीचे हेलकावे आणि वळणं मोजणारं यंत्रही असतं. पण उड्डाणपुलाखाली किंवा दाट झाडीत जीपीएस गडबडतं. चित्र सुरेख दिसतं, पण जागेवरून सरकलेलं असतं. म्हणून सर्वेक्षण करणारे लोक रस्त्याकडेला काही खुणा आधीच अगदी काटेकोर मोजून ठेवतात, आणि गाडीने जमवलेलं सगळं त्या खुणांना बांधतात. खुणा चुकल्या तर पुढचं सगळं चुकलं.

अख्ख्या भारतासाठी अशा पक्क्या खुणा रोवायचं काम लॅम्बटनने सुरू केलं. तेव्हा लेझर नव्हता, जीपीएस नव्हतं. त्याला तर एका डोळ्याने नीट दिसतही नव्हतं.

बराकीतला गणितवेडा

अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या एका साध्या घरात त्याचा जन्म झाला. गणितात हुशार, पण घरी पैसा नाही, ओळखीपाळखी नाहीत. १७८१ मध्ये तो लष्करात शिरला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पकडला गेला. सुटल्यावर आजच्या कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये बराकींची व्यवस्था बघायची नोकरी मिळाली, आणि त्यात तेरा वर्षं गेली. या रटाळ नोकरीत त्याने गणित आणि खगोलशास्त्राची पुस्तकं वाचून काढली. तिथेच सूर्यग्रहण बघताना डोळ्यावर पुरेशी काळजी घेतली नाही आणि एका डोळ्याची दृष्टी कायमची अधू झाली. पुढची वीस-बावीस वर्षं दुर्बिणीला डोळा लावूनच पोट भरायचं होतं, तो हा माणूस.

भारतात तो आला तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. त्याच्या पलटणीचा कर्नल होता आर्थर वेलस्ली. १८०३ मध्ये जालन्याजवळ असईला मराठ्यांचा पराभव करणारा तोच हा.

१७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात श्रीरंगपट्टणजवळ एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी अंधारात चालत होती. लॅम्बटनने आकाशाकडे पाहिलं आणि तुकडी उलट्या दिशेने, थेट शत्रूच्या छावणीकडे निघाल्याचं जनरलला सांगितलं. बेअर्डला पटेना. शेवटी होकायंत्र काढून बघितलं, तर ताऱ्यांचं बरोबर होतं. तुकडी मागे फिरली.

टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरचा मोठा मुलूख कंपनीच्या हाताखाली आला. आपल्या ताब्यात नेमकं काय आलंय हे कंपनीला कळायला हवं होतं. लॅम्बटनने योजना मांडली, वेलस्लीने पाठिंबा दिला. हे सर्वेक्षण ज्ञानासाठी होतं तितकंच सत्तेसाठीही होतं, हे विसरून चालणार नाही. कर वसूल करायला, फौजा हलवायला नकाशा लागतोच. पण लॅम्बटनच्या मनात आणखी काही होतं. पृथ्वीचा गोल ध्रुवांकडे नेमका किती चपटा आहे, हे त्याला भारताच्या जमिनीवर मोजायचं होतं.

मद्रासच्या अर्थखात्यातल्या एका मंडळींना हा खर्च फुकटचा वाटला. श्रीरंगपट्टणला जायचं तर पालखीच्या भोयांना सांगितलं की झालं, नकाशा कशाला, असा त्यांचा सूर होता. काही वर्षांतच उत्तर मिळालं. लॅम्बटनने मद्रासपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत मोजमाप नेलं, तेव्हा जुन्या नकाशांवर सुमारे ४०० मैल रुंद दाखवलेला भारत तिथे ३६० मैलांच्या आसपासच भरला. जवळपास ४० मैल जमीन फक्त कागदावर होती.

साडेसात मैलांसाठी ५७ दिवस

पद्धत समजून घ्यायला परत गिरडला येऊ. समजा, टेकडीच्या खाली मैदानात दोन खुणा आहेत आणि त्यांच्यातलं अंतर साखळीने मोजलंय. आता दोन्ही खुणांवरून टेकडीवरच्या झेंड्याकडे बघायचं आणि कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. टेकडीपर्यंत साखळी ओढत न्यायची गरजच नाही. मग त्या निघालेल्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. अशी साखळी हजारो मैल जाऊ शकते. नववीच्या भूमितीत हे सोपं वाटतं.

पण पहिली बाजू चुकली तर चूक प्रत्येक त्रिकोणात शिरते. म्हणून १० एप्रिल १८०२ ला मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ सुरू झालेलं पहिलं मोजमाप इतकं जपून झालं. १०० फुटांची पोलादी साखळी, तिच्याखाली तिवया आणि लाकडी पेट्या, शेजारी तापमापक. उन्हाने पोलाद किंचित जरी वाढलं तरी हिशेब बदलतो. एप्रिल-मेच्या मद्रासी उन्हात साखळी चारशे वेळा उचलून ठेवली गेली. साडेसात मैलांना ५७ दिवस लागले. गाडीवरचा लेझर आज हे अंतर दहा-पंधरा मिनिटांत पार करतो.

कोन मोजायचं यंत्र म्हणजे थिओडोलाइट. लॅम्बटनसाठी लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेला थिओडोलाइट अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचा होता. तो आणणारं जहाज फ्रेंचांनी पकडलं आणि मॉरिशसला नेलं. पेटीत शास्त्रीय यंत्र आहे हे कळल्यावर त्यांनी ते मोठ्या अदबीने मद्रासला पाठवून दिलं.

कावेरीच्या सपाट प्रदेशात टेकड्या नव्हत्या, म्हणून उंच देवळांचा आधार घेतला गेला. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर हा थिओडोलाइट दोरांनी चढवताना एक दोर तुटला. यंत्र दगडी बांधकामावर आपटलं आणि कोन मोजायचं मुख्य वर्तुळ वाकडं झालं. त्या तोडीचं दुसरं यंत्र देशात नव्हतं. कुणालाही वाटलं असतं की काम संपलं. लॅम्बटनने तंबूत स्वतःला कोंडून घेतलं आणि सहा आठवडे खपून ते वर्तुळ जवळजवळ मूळ आकारावर आणलं. त्यानंतरही त्याच यंत्राने कितीतरी वर्षं काम केलं.

यात खलाशी होते, झेंडे धरणारे होते, जंगल तोडून वाट करणारे होते. कृष्णा-गोदावरीच्या जंगलपट्ट्यात तापाने तळच्या तळ आडवे झाले. यातल्या बहुतेकांची नावं नोंदलीच गेली नाहीत.

नागपूरच्या वाटेवर

१८१७ मध्ये लॅम्बटनला लंडनच्या रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांच्या दबावाखाली आलं. १८१८ च्या सुरुवातीला लॅम्बटनच्या कामाला 'ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे ऑफ इंडिया' हे नाव मिळालं. मदतीला जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा तरुण अधिकारी आला. मध्य भारताची वाट मोकळी झाली होती. लॅम्बटनने मुख्य तळ हैदराबादहून नागपूरला हलवायचं ठरवलं.

तोवर सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैल मुलूख त्याच्या त्रिकोणांच्या जाळ्यात आला होता. वय सत्तरीच्या घरात, फुप्फुसं क्षयाने पोखरलेली, खोकला थांबत नव्हता. तरी १८२३ च्या जानेवारीत तो लवाजम्यासह त्याच हैदराबाद-नागपूर वाटेने निघाला. वर्धा नदी ओलांडून हिंगणघाटला मुक्काम पडला. तिथेच त्याचा मृत्यू झाला आणि तिथेच त्याला पुरण्यात आलं. नागपूर जेमतेम चार-पाच मजलांवर होतं.

पुढची सूत्रं एव्हरेस्टने घेतली. त्याने साखळी उत्तरेला हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. १८३१ मध्ये त्याच्या हाताखाली राधानाथ सिकदार हा बंगाली तरुण 'कॉम्प्युटर' म्हणून लागला. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. पुढे जगातल्या सर्वांत उंच शिखराच्या हिशेबात सिकदारांचा मोठा वाटा होता. १८६५ मध्ये त्या शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं, जे शिखर त्याने कधी पाहिलं नव्हतं आणि ज्याला आपलं नाव द्यायला त्याची स्वतःची हरकत होती. जाता जाता, तो आपलं आडनाव 'ईव्हरेस्ट' असं उच्चारायचा. म्हणजे जग ते चुकीचंच म्हणतं.

पृथ्वीच्या आकाराचा जो हिशेब एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडला, तोही भारतातल्या या मोजमापांच्या आधारावर. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे त्याच हिशेबावर बनत राहिले. लोकांना मिळणाऱ्या नकाशांसाठी उपग्रहांवर आधारलेली जागतिक पद्धत स्वीकारली गेली ती २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने. आज लेझरच्या गाड्यांना लागणाऱ्या पक्क्या खुणा उपग्रहांचे संकेत सतत टिपणाऱ्या केंद्रांवरून ठरतात. देशभर अशी केंद्रं भारतीय सर्वेक्षण विभागानेच उभारली आहेत. लॅम्बटनचं सर्वेक्षण पुढे ज्यात सामील झालं, तोच हा विभाग.

लॅम्बटनची कबर हिंगणघाटमध्ये आहे.