प्रफुल्ल कुमार सेन

डॉ. प्रफुल्ल कुमार सेन (१९१५ – १९८२) हे भारतीय हृदयशल्यविशारद होते. मुंबईतील परळ येथील के.ई.एम. रुग्णालय आणि त्याला संलग्न सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ही त्यांची कर्मभूमी होती. भारतातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण त्यांनी केले.

हृदयशस्त्रक्रिया आणि श्वसनमार्ग

सेन यांनी १९५० च्या दशकात मिट्रल झडपेवरील शस्त्रक्रियांना चालना दिली. संधिवाताच्या तापामुळे ही झडप अरुंद झाली की रक्त फुफ्फुसांत तुंबते. भूल देताना फुफ्फुसांत पाणी उतरून श्वसनमार्गात फेस साचणे हा अशा रुग्णांतील मोठा धोका असतो. शिवाय छाती उघडताच फुफ्फुस आकुंचन पावते. त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालून दाबाने ऑक्सिजन द्यावा लागतो. नळी घसरून उजव्या श्वसनीत गेल्यास डावे फुफ्फुस हवेविना राहते. तेव्हा दोन्ही बाजूंचे श्वासध्वनी तपासून ती मागे घेतली जाते. साचलेला स्राव वा रक्त नळीतून शोषून काढतात. शस्त्रक्रियेनंतरही रुग्ण स्वतः पुरेसा श्वास घेऊ लागेपर्यंत नळी काढली जात नाही. त्यामुळे हृदयशस्त्रक्रियेचे यश शल्यविशारदाइतकेच भूलतज्ज्ञावर अवलंबून असते. सेन यांनीही डॉ. गुरुकुमार परुळकर यांच्यासारख्या सहकाऱ्यांचे पथक उभारण्यावर भर दिला. परदेशी उपकरणे आयात करून किंवा त्यांच्या धर्तीवर येथेच घडवून त्यांनी विभाग सज्ज केला.

संशोधन

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयस्नायूला हृदयाच्या कप्प्यातून थेट रक्त मिळते. या निरीक्षणावरून सेन यांनी हृदयस्नायूला सूक्ष्म छिद्रे पाडून रक्तपुरवठा वाढवण्याची पद्धत १९६५ मध्ये मांडली. पुढे लेसरच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या अशाच उपचाराची ती पूर्वसूरी मानली जाते.

हृदय प्रत्यारोपण

डिसेंबर १९६७ मध्ये क्रिस्तियान बर्नार्ड यांनी केप टाउन येथे जगातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले. त्यानंतर अवघ्या अकरा आठवड्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, सेन यांनी के.ई.एम.मध्ये ही शस्त्रक्रिया केली. असा प्रयत्न करणारे ते जगातील चौथे शल्यविशारद होते. रुग्ण सुमारे तीन तासच जगला. त्या वेळी भारतात मेंदूमृत्यूला कायदेशीर मान्यता नव्हती. ती १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी दिल्लीत देशातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. सेन यांच्या निधनाला तेव्हा बारा वर्षे झाली होती.

सन्मान

भारत सरकारने त्यांना १९६९ मध्ये पद्मभूषण पुरस्काराने सन्मानित केले.