पडद्यावरील स्त्री आणि दादासाहेब फाळके

त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकले. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ निर्मिला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळेना. कॅमेऱ्यासमोर उभे राहणे कुलीन स्त्रियांनाच नव्हे, तर गणिकांनाही कमीपणाचे वाटे. अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ‘लंकादहना’त (१९१७) तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या.

नाशिकला बिऱ्हाड हलविल्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत पार्वती व त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाल्या. ‘कालियामर्दना’त (१९१९) फाळक्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. स्त्रीत्व देहात असते की वेषात, हा प्रश्न या कलेने असा नकळत उभा केला.

परंतु पडद्यामागील स्त्रीचे काय? पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने भांडवल झाले. फिल्म धुण्यापासून मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतचे श्रमही त्यांचेच. फाळके १९४४ साली नाशिकला निवर्तले. चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. त्या सन्मानात सरस्वतीबाईंचा वाटा किती, हा हिशेब समाजाने मांडावयास हवा.