'मेनोनाइट' नावामागचे धर्मगुरू

'मेनोनाइट' हा ख्रिस्ती बंधुभगिनींचा एक छोटा पंथ. हे नाव ज्यांच्यावरून पडले, ते मेनो सिमन्स मुळात आपल्याच ख्रिस्तसभेचे धर्मगुरू होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

नेदरलँड्सच्या फ्रीजलंड प्रांतात, विटमार्सम गावी १४९६ साली त्यांचा जन्म झाला. १५२४ मध्ये गुरुदीक्षा मिळाली आणि शेजारच्या पिंग्यूम गावी ते साहाय्यक धर्मगुरू झाले. मिस्सा अर्पण करताना भाकर व द्राक्षारस खरोखरच प्रभूचे शरीर व रक्त होतात का, ही शंका त्यांना छळू लागली. तोवर त्यांनी बायबल उघडूनही पाहिले नव्हते! सोबतच्या धर्मगुरूंबरोबर पत्ते आणि पिणे यांत वेळ जात असे, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

१५३१ साली लेउवार्डन शहरात एका शिंप्याचा शिरच्छेद झाला. गुन्हा काय, तर मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला! मेनो हादरले. पुढे १५३५ मध्ये अशाच पुनर्बाप्तिस्मा मानणाऱ्यांपैकी काहींनी शस्त्रे उचलून बोल्सवर्डजवळचा एक मठ बळकावला आणि त्यांची कत्तल झाली. मृतांत मेनोंचा भाऊ होता असे मानले जाते. ही माणसे चुकीच्या वाटेने का होईना, जीव देतात आणि आपण मात्र सुखात आहोत, हे शल्य त्यांना सहन होईना. जानेवारी १५३६ मध्ये त्यांनी धर्मगुरूपद सोडले. विखुरलेल्या लोकांना गोळा करून ख्रिस्ताच्या शिष्याने तलवार धरू नये, हे ते शिकवू लागले.

कॅथलिक सम्राट पाचव्या चार्ल्सने १५४२ साली त्यांना पकडून देण्यासाठी १०० गिल्डरचे इनाम लावले. पत्नी व मुलांसह ते गावोगाव लपत फिरले. आपल्या इतिहासाचे हे पान वाचताना आपली मान खाली जाते.

नाव मात्र त्यांनी घेतलेले नाही. १५४५ साली पूर्व फ्रीजलंडच्या काउंटेस ॲना यांनी हिंसक पंथीयांना हद्दपार करण्याचा हुकूम काढला. मेनोंचे शांतताप्रिय अनुयायी त्यांहून वेगळे ओळखता यावेत म्हणून त्यांना 'मेनिस्ट' म्हटले गेले. सरकारी कागदावरचा तो शब्द पुढे रूढ झाला. नेदरलँड्समधील अनुयायी मात्र आजही बाप्तिस्म्यावरून पडलेले 'डोप्सखेझिंड' हे नाव लावतात.

मेनो ३१ जानेवारी १५६१ रोजी निवर्तले. आपण बालकांना बाप्तिस्मा देतो, ते देत नाहीत. हा मतभेद कायम आहे. तरीही १९९८ ते २००३ या काळात कॅथलिक व मेनोनाइट प्रतिनिधी एकत्र बसले, जुन्या छळाविषयी मोकळेपणाने बोलले आणि त्यांनी आपल्या अहवालाच्या शीर्षकातच दोघांना मिळून शांती प्रस्थापित करण्याचे पाचारण असल्याचे म्हटले.