तळहातावरील अक्षरे

पावसाळ्यात पाचगणीस धुके उतरले, म्हणजे टेबललँडचे पठार दिसेनासे होते, खालचे कृष्णेचे खोरे दिसेनासे होते. चार हातांवरचा माणूसही ओळखू येत नाही. तरी शाळांच्या घंटा ऐकू येतात आणि त्या आवाजाच्या धोरणाने मुले आपापल्या वर्गांत जाऊन पोहोचतात. परंतु जिला डोळ्यांनी दिसत नाही आणि घंटाही ऐकू येत नाही, अशा मुलीने वर्गात बसून शिकावे तरी कसे? हेलन केलर ही अशीच मुलगी होती. ती पदवीधर झाली, हे पुष्कळांना ठाऊक असते. तिच्या शेजारी बसून अध्यापकांचे बोलणे तिच्या तळहातावर उमटविणाऱ्या अ‍ॅन सुलिव्हन यांची हकीकत मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

अ‍ॅनचा जन्म १४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. तिचे आईबाप आयर्लंडातून पोटासाठी तेथे आलेले. अ‍ॅन पाच वर्षांची असताना तिच्या डोळ्यांना खुपऱ्यांचा विकार जडला व दृष्टी अधू झाली. पुढे आई क्षयाने वारली, बापाने मुलांचा भार टाकून दिला, आणि १८७६ साली अ‍ॅन व तिचा धाकटा भाऊ जिमी यांची रवानगी ट्यूक्सबरी येथील सरकारी अनाथालयात झाली. तेथे रोगी, वृद्ध व वेडे असे सर्व एकत्रच राहत. काही महिन्यांतच जिमी मरण पावला. दहा वर्षांची अ‍ॅन त्या घरात एकटी उरली.

आंधळ्या मुलांसाठी शाळा असतात, हे तिच्या कानी आले होते. १८८० साली अनाथालयाच्या तपासणीसाठी काही अधिकारी आले, तेव्हा ती धिटाईने त्यांच्यापुढे गेली आणि आपणांस शाळेत पाठवावे, अशी तिने काकुळतीने विनवणी केली. त्याच वर्षी तिला बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत प्रवेश मिळाला. त्याच सुमारास आपल्या मुंबईतही कर्णबधिर मुलांची शाळा निघत होती, हे येथे सांगावयास हरकत नाही. चौदा वर्षांच्या अ‍ॅनला आपले नाव लिहिता येत नव्हते. इतर मुली तिला हसत. ती रागीट होती, उलट उत्तरे देई. परंतु सहा वर्षांनी तिने वर्गात पहिला क्रमांक मिळविला. मधल्या काळात शस्त्रक्रिया होऊन तिला छापील अक्षरे वाचण्याइतके दिसू लागले.

त्या शाळेत लॉरा ब्रिजमन नावाची एक प्रौढ स्त्री राहत असे. तिला दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते. तिच्याशी बोलता यावे म्हणून अ‍ॅन करपल्लवी शिकली. या करपल्लवीत प्रत्येक अक्षरासाठी बोटांची एक निराळी ठेवण असते. ती समोरच्याच्या तळहातात दाबून शब्द घडवावयाचे. बहिऱ्या लोकांची खुणांची भाषा याहून वेगळी. तिला स्वतःचे व्याकरण आहे आणि ती डोळ्यांनी पाहून समजावयाची असते. दृष्टी गेलेल्यास मात्र स्पर्शाचाच आधार.

३ मार्च १८८७ रोजी सुलिव्हनबाई सात वर्षांच्या आतील हेलनला शिकविण्यासाठी अलाबामा राज्यात दाखल झाल्या. पंपाखाली हात धरून पाणी या शब्दाची ओळख करून दिल्याचा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्या दिवसापासून त्या दोघींचे हात जणू एकमेकींत गुंतले. आपण शाळेत जसे नुसते बाई म्हणतो, तसे हेलनने त्यांना जन्मभर टीचर याच नावाने ओळखले.

खरी कसोटी पुढेच होती. १८९६ साली हेलन केंब्रिज येथील मुलींच्या शाळेत दाखल झाली. ती डोळस, ऐकत्या मुलींची शाळा. तेथील बहुतेक शिक्षकांना करपल्लवी येत नव्हती, पुस्तकेही उठावाच्या अक्षरांत थोडीच होती. बाई प्रत्येक तासाला शेजारी बसत आणि संध्याकाळी स्वतःच्या अधू डोळ्यांनी हेलनसाठी कोशातील शब्द शोधीत. हेलनवर अभ्यासाचा फार ताण पडतो, असे मुख्याध्यापकांना वाटले. त्यांनी हेलनच्या आईचे मन वळविले, आणि १८९७ च्या अखेरीस बाईंना दूर करण्याचे ठरले. हेलनला ते मुळीच मानवले नाही. आई स्वतः येऊन पाहून गेली, तेव्हा तिनेच मुलीला त्या शाळेतून काढले आणि बाईंच्या स्वाधीन ठेवले.

१८९९ च्या प्रवेश परीक्षेस बाईंना हेलनजवळ बसू दिले नाही. प्रश्नपत्रिका ब्रेल लिपीत होत्या. पण त्यांतील बीजगणिताच्या खुणा हेलनच्या सवयीच्या नव्हेत, हे दोनच दिवस आधी कळले. तरीही ती उत्तीर्ण झाली. सारे बाईच सांगतात, असा संशय घेणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते मिळावयाचे!

१९०० साली हेलन रॅडक्लिफ कॉलेजात गेली. अध्यापक भराभर बोलत, बाईंची बोटे तितक्याच त्वरेने चालत. हेलनचा हात ऐकण्यात गुंतलेला, त्यामुळे तिला टिपणे घेता येत नसत. घरी जाऊन आठवेल तेवढे ती टंकलेखनयंत्रावर उतरवी. ब्रेलमध्ये नसलेली पुस्तके बाई रोज कित्येक तास वाचून दाखवीत. त्यांची नजर झपाट्याने मंदावू लागली. एखादा उतारा पुन्हा वाचू का, असे त्यांनी विचारले, की तो आठवत नसतानाही हेलन आठवतो म्हणून सांगे. ते खोटे बोलणे बाईंचे डोळे वाचविण्यासाठी होते. १९०४ साली हेलन सन्मानाने पदवीधर झाली. चार वर्षे प्रत्येक व्याख्यान ऐकणाऱ्या बाईंना कॉलेजने काहीच दिले नाही. टेम्पल विद्यापीठाची सन्माननीय पदवी त्यांना मिळाली ती १९३२ साली, आणि तीही एकदा नाकारून मग त्यांनी घेतली.

१९२९ साली त्यांचा एक डोळा काढावा लागला. अखेरीस त्या जवळजवळ आंधळ्याच झाल्या. २० ऑक्टोबर १९३६ रोजी त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांचा हात हेलनच्या हातात होता.

पॉली टॉमसन या १९१४ पासून त्या घरी होत्या. बाईंचे काम त्यांनी पुढे चालविले. १९५५ साली हेलन केलर भारतात आल्या, मुंबईसही आल्या. त्यांचा उच्चार नवख्यांस नीट कळत नसे; म्हणून टॉमसनबाई त्यांचे वाक्य स्पष्ट करून सांगत आणि लोकांचे बोलणे त्यांच्या तळहातावर लिहीत. १९६८ साली हेलन केलर वारल्या. वॉशिंग्टनच्या मोठ्या चर्चमध्ये सुलिव्हनबाईंच्या रक्षेशेजारीच त्यांची रक्षा ठेवण्यात आली.