तंजावरचे संग्राहक राजे

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सोन्याच्या नाण्यांविषयी चार शब्द लिहावेत आणि त्या निमित्ताने तंजावरच्या सरफोजीराजांचे स्मरण करावे, हे उचितच ठरेल. वेलचेरीत संसार थाटलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना तंजावर परके नाही. सरस्वती महाल ग्रंथालयामुळे राजांचे नावही आपणांस परिचित आहे. मात्र नाणी जमविणे हाही त्यांचा आवडता छंद होता, हे फारसे कुणाच्या ध्यानी नसते.

सरफोजीराजांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळात झाला. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये, आपल्या निधनापूर्वी, त्यांना दत्तक घेतले. परंतु गादी मिळाली ती तुळजाजींचे बंधू अमरसिंह यांना. मुलाचे पालकत्व जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्याकडे होते. मुलाच्या सुरक्षिततेसाठी व शिक्षणासाठी १७९३ मध्ये त्याला मद्रासेस आणण्यात आले. आजचे आपले वेलचेरी तेव्हा शहराबाहेरचे एक खेडे होते. पुढे २९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसले. पण दुसऱ्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजांकडे राहिला तो तंजावरचा किल्ला, सालीना एक लाख स्टार पगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा.

पगोडा म्हणजे आपला होन. मद्रासच्या या सोन्याच्या नाण्याचे वजन सुमारे ३.४ ग्रॅम आणि किंमत साडेतीन रुपये. त्याच्या एका बाजूस विष्णूची मूर्ती, तर दुसऱ्या बाजूस पाच टोकांची चांदणी असे. १८१८ मध्ये मद्रास इलाख्यात रुपया हे प्रमाण नाणे ठरले आणि शतकानुशतके दक्षिणेत खणखणलेला होन व्यवहारातून मागे पडला. राजांच्या नेमणुकीचे नाणे त्यांच्या हयातीतच जुने झाले.

सोन्याचे नाणे दुर्मिळ होते, ते अनेकदा थोडे पाडले गेले म्हणून नव्हे, तर पुष्कळ वितळविले गेले म्हणून. राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींनी पाडलेला होन आज क्वचितच पाहावयास मिळतो. अमेरिकेत १९३३ साली सरकारने सोन्याची नाणी परत मागविली आणि त्यांतील असंख्य नाण्यांच्या लगडी झाल्या. तेथील एकोणिसाव्या शतकातील काही नाण्यांना आज जे अपूर्व मोल आले आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. मुशीत जाणारे नाणे जो वाचवितो, तो खरा संग्राहक.

सत्ता गेलेल्या या राजाने हीच वृत्ती सर्वत्र जोपासली. नाण्यांबरोबर त्यांनी चित्रे, हस्तलिखिते आणि युरोपातील छापील ग्रंथ जमविले. कित्येक ग्रंथांवर त्यांची इंग्रजी स्वाक्षरी आहे. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. १८०५ च्या सुमारास वाड्यात देवनागरी छापखाना उभा राहिला. १८२० मध्ये ते काशीयात्रेस निघाले आणि परतले ते हस्तलिखितांचा मोठा साठा घेऊन. ७ मार्च १८३२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्रावाचून वारले. कंपनीने राज्य खालसा केले आणि राजांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. परंतु राज्यसत्तेच्या या कृत्यात न्यायालयाला हात घालता येत नाही, असा निर्णय १८५९ मध्ये झाला. सोन्यानाण्याचा धनी असा एका दिवसात बदलतो. ग्रंथसंग्रह मात्र तंजावरातच राहिला आणि १९१८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला.

आपल्या घरांतही आजीच्या पुतळ्यांच्या माळेच्या रूपाने जुनी नाणी असतात. पुतळी हे मूळचे व्हेनिसचे सोन्याचे नाणे. त्याचीच प्रतिकृती पुढे दागिना झाली. नवा दागिना घडविण्यासाठी जुने सोने सराफाकडे देण्यापूर्वी त्यावरील छाप एकदा निरखून पाहावा, ते कोणाकडून आले याची चिठ्ठी करून ठेवावी. आणि सुटीत मुलांना तंजावरला अवश्य न्यावे.